उजवीकडची निळी वायर

समोरून येणारा गाडीवाला शिव्या देतो तेव्हा त्यातल्या निम्म्याच आपल्या असतात. उरलेल्या त्याच्या साहेबाच्या आणि घरच्यांच्या वाट्याच्या, आपण फक्त वाटेत सापडलेलो असतो. असा नकाशेवाल्यांचा हिशोब होता; आयुष्य नकाशांच्या ऑफिसात गेलं म्हणून गल्ली या गृहस्थांना तसं म्हणायची. त्यामुळे दिवस मावळल्यावर त्यांच्या गाडीला पाहून लोक हॉर्न का वाजवतात, दिव्यांची उघडझाप का करतात, खिडकीतून हात काढून काय म्हणतात, याची त्यांनी फारशी चौकशी केली नव्हती. ते मान हलवायचे आणि पुढे जायचे. मग एका संध्याकाळी वळणावर औषधवाला आडवा आला. त्याचे डोळे दिपले आणि तो स्कूटरसकट कडेच्या गटारात गेला.

लागलं म्हणाल तर गुडघा खरचटला आणि पँट फाटली. पण औषधवाल्याचं दुकान अगदी कोपऱ्यावर, आणि आजारी माणसाला दुसऱ्याच्या अपघातात फार रस असतो. खोकल्याच्या प्रत्येक बाटलीबरोबर ही हकिगत फुकट जाऊ लागली. चार दिवसांत गटार खोल झालं, गाडीचा वेग वाढला, आणि पाचव्या दिवशी औषधवाल्याने नकाशेवाल्यांच्या मुलीला फोन केला.

मुलगी दुसऱ्या गावात एका शाळेची मुख्याध्यापिका होती. बापाशीसुद्धा ती हजेरी घेतल्यासारखीच बोलायची. दारातून आत आली, खांद्यावरची पिशवी खुर्चीला अडकवली आणि हात पुढे केला.

"बाबा, किल्ली."

"आधी चहा तरी घे."

"चहा घेते. किल्ली टेबलावर ठेवा."

नकाशेवाल्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, पण स्वतःच्या बाजूला. "त्या माणसाला स्कूटर धड येत नाही. नवा होता तेव्हा फाटकाला धडकलाय तो माझ्या."

"तो एकटा नाही म्हणत. दूधवाला म्हणतो, वाचनालयातली बाई म्हणते. समोरून तुमची गाडी आली की डोळ्यांपुढे काही दिसत नाही म्हणतात. तुम्हाला समोरचं दिसतं ना पण?"

"दिसतं."

"मग असं करू. वायरिंगवाल्याकडे गाडी नेऊ. तो म्हणाला दोष गाडीचा, तर किल्ली तुमची, औषधवाल्याला मी बघून घेते. तो म्हणाला दोष तुमचा, तर किल्ली माझी आणि गाडीही माझी. मान्य?"

"आणि दोष औषधवाल्याचा निघाला तर?"

"बाबा."

"मान्य," नकाशेवाले म्हणाले. एरवी ते घासाघीस केल्याशिवाय पेन्सिलसुद्धा विकत घेत नसत. पण त्यांना खात्री होती की दोष गाडीचाच आहे. म्हणजे निदान त्यांनी तशी आशा धरली होती. त्यांच्या वयात दोन्ही सारखंच.

गाडी जाणं म्हणजे काय जाणं, हे मुलीला पूर्ण ठाऊक नव्हतं. गाडी तशी बघण्यासारखी होती. गोल पाठीची, जाड पत्र्याची, घेतली तेव्हाच जुनी. पुढचे दोन दिवे बॉनेटच्या कडेला डोळे वटारल्यासारखे वर आलेले, म्हणून काकू, म्हणजे नकाशेवाल्यांची बायको, तिला बेडकी म्हणायच्या. रोज संध्याकाळी दोघं बेडकीतून तळ्यापर्यंत जायची, बांधावर गाडी उभी करायची, आतच बसून पाण्याकडे बघायची आणि परत यायची. काकू जाऊन आता आठ महिने होत आले होते. एका सकाळी चहा ठेवायला उठल्या आणि ओट्याशीच बसल्या, तेवढंच निमित्त. त्यानंतर बरेच दिवस बेडकी झाकून होती. मग नकाशेवाल्यांनी आच्छादन काढलं आणि पुन्हा तळ्यावर जायला लागले. काकू बुटक्या होत्या. त्यांची सीट जेवढी पुढे ओढलेली होती तेवढीच अजून होती. ती कुणी मागे सरकवायची नाही, हा घरातला शेवटचा नियम उरला होता. पाळणारा एकच आणि मोडणाराही कुणी नाही, असा.

आता घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती दोन माणसांनाच माहीत होती, आणि त्यातलं एक माणूस आता नव्हतं.

नकाशेवाल्यांना रंग दिसत नसत. लाल, हिरवा, तपकिरी हे सगळे त्यांच्या डोळ्यांना एकाच चिखलातून काढल्यासारखे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाजारातून टोमॅटो आणले, मोठ्या ऐटीत टेबलावर ओतले आणि म्हणाले, "बघ कसे पिकलेत." सगळे हिरवेगार. काकूंनी एक टोमॅटो उचलला, मग नवऱ्याचा चेहरा बघितला आणि खूप हसल्या. हसून झाल्यावर विचारलं, "ऑफिसात माहीत आहे का हो?"

ऑफिसात माहीत नव्हतं. ऑफिस नकाशांचं. पाण्याचे नळ एका रंगात, सांडपाण्याचे दुसऱ्या, विजेच्या तारा तिसऱ्या. रेघेचा हात असा की वरिष्ठ त्यांचे नकाशे भिंतीला लावायचे. पण रंग कळत नाहीत म्हटलं असतं तर त्याच वरिष्ठांनी त्यांना टपाल नोंदवायला बसवलं असतं. मग नकाशे घरी यायला लागले. जेवणं झाली की टेबल पुसून काकू बाटल्या मांडायच्या, नकाशेवाले रेघ दाखवायचे आणि काकू रंग भरायच्या. ऑफिसात लोक म्हणायचे, माणूस कामाला वाघ आहे, घरी नेऊन करतो. बढती त्यांच्या नावावर जमा झाली. काकूंच्या नावावर बोटांना लागलेली शाई.

निळा तेवढा त्यांना चांगला दिसायचा. आभाळ, पेनाची शाई, कामगारांचे डगले. "हा एक माझ्या मालकीचा," ते म्हणायचे. "राहू द्या तुमच्याकडे," काकू म्हणायच्या, "बाकीचं दुकान मी सांभाळते."

बेडकीचं वायरिंगही असंच चालायचं. नकाशेवाले बॉनेटमध्ये वाकलेले, हात मागे, काकू हातात वायर ठेवणार आणि सांगणार, "ही लाल. ही हिरवी." त्यांना दिसेल ते खोटं आणि ती सांगेल ते खरं, हे एकदा ठरलं की माणूस फार निवांत होतो. निवांत झालेल्या माणसाला मग शंका घ्यायची सवय राहत नाही.

शेवटचं मोठं काम त्यांनी मागच्या वर्षी केलं. बेडकीचे दिवे पार मंदावले होते. समोरच्याला मेणबत्ती घेऊन कुणी चालत येतंय असं वाटावं. कारण साधं होतं. जुन्या गाडीत दिव्याची सगळी वीज बॅटरीतून निघून आधी चालकापुढच्या बटणात यायची आणि तिथून उलटी पुढे दिव्यांकडे जायची. वायर जुनी, कापड गुंडाळलेली, आत तांबं काळं पडलेलं. अर्धी वीज वाटेतच दमायची. नकाशेवाल्यांनी दिव्यांजवळ रिले बसवायचं ठरवलं. रिले म्हणजे काड्यापेटीएवढी डबी. बटणाने फक्त तिला इशारा करायचा. ती बॅटरीकडून जाड वायरीने थेट वीज घेऊन दिव्याला देणार.

"म्हणजे बटण नुसता हुकूम सोडणार आणि काम भलतंच कुणीतरी करणार," काकू म्हणाल्या होत्या. "आपल्या घरासारखं."

"घरात हुकूम कोण सोडतं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"गल्लीला काय, गल्ली तुमचे नकाशेही तुमचेच समजते."

प्रत्येक दिव्याला तीन वायरी जायच्या होत्या. लांब उजेड टाकणाऱ्या अप्परची निळी, जवळ उजेड टाकणाऱ्या डिप्परची हिरवी आणि अर्थिंगची काळी. डावा दिवा सकाळी उन्हात झाला, भराभर. उजवा दिवा भिंतीच्या बाजूला होता, तिथे सावली. काकू एकेक वायर उचलून डोळ्यांजवळ नेत होत्या, पुन्हा खाली धरत होत्या, पुन्हा वर.

"अगं, वायर आहे ती, पत्र नाही वाचायचं. सांग लवकर."

"ही... हिरवी."

नकाशेवाल्यांनी वायर हातात घेतली. ती त्यांना निळी दिसली. चक्क निळी, आभाळासारखी. "नक्की?"

"मग तुम्हीच बघा की!" काकू एकदम चिडल्या. तशा त्या चिडत नसत.

नकाशेवाल्यांनी वायर पुन्हा डोळ्यांसमोर धरली. त्यांना वाटलं, झालं, निळाही गेला. मालकीचा एक रंग होता तोही आता आपल्या डोळ्यांनी गिळला. हे तिला कळू नये म्हणून ते उगाच ओरडले, "वय झालं तुझं, एका वायरीला इतका वेळ!"

"झालं वय," काकू म्हणाल्या. "दुसरी बघा आता वायरी सांगणारी." आणि हसल्या. नकाशेवाले हसले नाहीत. त्यांनी तिने सांगितली तिथे वायर जोडली, दुसरीही तिने सांगितली तिथे. भर दुपारी अंगणात दिवे लावून पाहिले. पायाखालचं बटण दाबलं, अप्पर. पुन्हा दाबलं, डिप्पर. दोन्ही वेळा दोन्ही दिवे लखलखले. काकूंनी टाळी वाजवली. उन्हात उजेड कुठे पडतोय ते कोण बघतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकू गेल्या. पुढे एकट्याने तळ्यावर जाताना नकाशेवाल्यांना उजवा दिवा झाडांच्या शेंड्यांची विचारपूस करत चाललेला दिसायचा, ते त्यांना कळत होतं. बल्ब वाकडा बसला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दिवा उघडायचा म्हणजे आत वायरी, वायरी म्हणजे रंग, आणि रंग सांगणारी नव्हती. म्हणून त्यांनी उघडला नाही.

वायरिंगवाल्याला सगळे फ्यूज म्हणायचे. कामामुळे म्हणायचे असं त्याला वाटे. खरं तर तो फार लवकर उडायचा म्हणून. त्याच्या गॅरेजात बॅटरीच्या आम्लाचा वास, खुंट्यांवर रंगीबेरंगी वायरींची वेटोळी, आणि समोरच्या भिंतीवर दिव्यांचा उजेड तपासायला खडूने काढलेल्या दोन फुल्या. संध्याकाळ होत आली होती. बेडकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"लावा काका."

नकाशेवाल्यांनी दिवे लावले. डाव्या दिव्याचा उजेड भिंतीच्या पायथ्याशी पडला, उजव्याचा थेट छताच्या वाशांवर. तिथे झोपलेलं एक कबूतर फडफडून उठलं.

"बटण दाबा."

दाबलं. आता डावा छताला, उजवा जमिनीला.

"वा!" फ्यूज म्हणाला. "एक डोळा देवाकडे, एक डोळा खिशाकडे. माझे सासरे असेच बघायचे."

मुलगी हसली. नकाशेवालेही हसले. दोष गाडीचाच निघत होता. फ्यूजने आधी ठामपणे सांगितलं की एक बल्ब बोगस आहे. बल्ब बदलला, तेच. मग तितक्याच ठामपणे सांगितलं की रिले चिकटलाय. रिले बदलला, तेच. तिसऱ्या वेळी तो काही न सांगता उजव्या दिव्याची रिंग काढायला बसला. स्क्रू गंजलेले होते, त्यामुळे वेळ लागत होता, आणि गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"ताई, पिशवी झकास आहे. कुठून घेतली?"

मुलीने खांद्यावरची पिशवी पुढे घेतली. त्यावर भरतकामाची वेल होती, खालपासून पट्ट्यापर्यंत चढलेली. "घेतली नाही. आईने केलेली आहे. शेवटचं काम तिचं."

"पानं निळी आणि फुलं हिरवी. उलटंच की."

"तेच तर!" मुलीचा चेहरा उजळला. तिच्यातली मुख्याध्यापिका क्षणभर कुठेतरी गेली. "असं कुणाच्या डोक्यात येईल? आमच्या चित्रकलेच्या बाई म्हणतात, फोटो काढून वर्गात लावते. आई आयुष्यभर सरळ रेघेतलं करत आली, आणि जाता जाता काय गंमत करून गेली बघा. मी ही रोज वापरते. धुवायचीसुद्धा भीती वाटते."

नकाशेवाल्यांनी पिशवीकडे पाहिलं. पानं त्यांनाही निळीच दिसत होती. पहिल्यापासून तशीच दिसत होती, पण रंगाबद्दल कधी बोलायचं नाही ही त्यांची जुनी सवय, आणि त्यात आपला निळाही गेलाय असं त्यांनी धरून ठेवलेलं. पानं निळीच आहेत, असं आता फ्यूज म्हणतो. मुलगी म्हणते. त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते हाती येईना.

"सापडलं!" फ्यूज ओरडला. दिव्याच्या पोटातून त्याने वायरी बाहेर ओढल्या. "काका, हे रिलेचं काम कुणी केलंय?"

"घरीच. का?"

"काम बघा ना! एकेक टोक मुंग्यांच्या रांगेसारखं. माझ्याकडे कुणी असं केलं तर मी त्याला जावई करून घेईन. आणि एवढं सगळं करून शेवटी माती खाल्लीय. डावीकडे निळी अप्परला आणि हिरवी डिप्परला. बरोबर. इकडे उजवीकडे ही निळी बघा, डिप्परला जोडलीय. हिरवी अप्परला. अदलाबदल. कुठल्या आंधळ्याने जोडली ही?"

"ही निळी आहे?" नकाशेवाल्यांनी विचारलं.

"मग काय गुलाबी?"

"नक्की निळी?"

"काका, ही निळी. ताईला विचारा."

"निळीच आहे, बाबा."

नकाशेवाले वाकून बघत राहिले. वायर निळी होती. त्या दिवशीही निळीच होती. त्यांचे डोळे तेव्हा बरोबर होते. सगळ्या आयुष्यात एकदाच ते तिच्यापेक्षा बरोबर होते, आणि त्यांनी त्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता.

म्हणजे तिला दिसत नव्हतं.

गॅरेजात उभ्या उभ्या त्यांना एकेक गोष्ट आठवायला लागली. त्या सगळ्या त्यांनी तिच्या वेंधळेपणाच्या खात्यावर लिहून ठेवल्या होत्या. चहा कपाबाहेर ओतायची. जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपायची. भरतकाम खिडकीशी नेऊन बसायची आणि मग एक दिवस सुई ठेवली ती पुन्हा उचललीच नाही; "कंटाळा आला" म्हणाली आणि त्यांनी मान डोलावली. वायर डोळ्यांजवळ नेऊन, खाली धरून, पुन्हा वर. आणि ते काय म्हणाले? पत्र नाही वाचायचं.

तिने का सांगितलं नाही, हे विचारायला ती नव्हती. पण त्यांनी तरी कधी कुणाला सांगितलं होतं? लपवायचं कसं हे तिला त्यांच्यामुळेच तर चांगलं येत होतं. आणि कदाचित तिला वाटलं असेल की डोळे गेले म्हटलं की दुकान बंद. या माणसाला रंग कोण सांगणार?

"बाबा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "कुणी जोडल्या या वायरी?"

"मी."

"तुम्हाला निळी-हिरवी कळली नाही?"

नकाशेवाल्यांनी वायर बोटांत फिरवली.

"आई होती ना बरोबर? ती नेहमी असायची तुमच्याजवळ. तिने कसं नाही सांगितलं?"

दार उघडं होतं. यातून बाहेर पडायला एकच वाक्य पुरेसं होतं: मला निळी दिसत होती, तुझी आई हिरवी म्हणाली. किल्ली वाचली असती. बांधावर उभी राहणारी बेडकी, पुढे ओढलेली सीट, सगळं राहिलं असतं. मुलीच्या खांद्यावर पिशवी होती. तिच्यावर निळी पानं होती, चित्रकलेच्या बाई ज्यांचा फोटो काढणार होत्या. त्या एका वाक्यानंतर ती पानं गंमत राहिली नसती. मुलीने प्रत्येक टाका पुन्हा मोजला असता, आईचा प्रत्येक फोन आठवला असता, आणि मग विचारलं असतं: तुम्ही तिच्यासोबत राहत होतात, तुम्हाला कसं कळलं नाही?

"ती आत होती," नकाशेवाले म्हणाले. "स्वयंपाकघरात. मी एकट्यानेच केलं सगळं."

"एकट्याने?" फ्यूज म्हणाला. "एवढं?"

"एकट्याने."

मुलीने खुंटीवरून वायरीचे दोन तुकडे घेतले. मुख्याध्यापिका परत आली होती. एक तुकडा तिने वडिलांसमोर धरला. "ही कोणती?"

निळी होती. मावळतीच्या मंद उजेडातही ती त्यांना लख्ख निळी दिसत होती. जो एक रंग त्यांच्या मालकीचा होता तोच.

"हिरवी," ते म्हणाले.

"आणि ही?"

"ती... निळी."

मुलीने दोन्ही तुकडे हळूच खुंटीवर परत ठेवले. फ्यूज एकदम पान्यांच्या डब्यात काहीतरी शोधायला लागला. त्याला काही नको होतं.

"कधीपासून, बाबा?"

"झाले बरेच दिवस."

"सिग्नलला काय करता मग?"

"वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं."

हे मात्र खरं होतं, आयुष्यभराचं खरं. मुलीला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींत राग आधी बाहेर पडला. "आणि मला सांगितलंसुद्धा नाही! कुणाला धडकला असतात म्हणजे? मी इतक्या लांबून रोज फोन करते, हवापाण्यावर बोलता, सांधेदुखीवर बोलता, हे नाही बोलता येत?"

"चुकलं."

त्यांनी किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने मूठ मिटली नाही; किल्ली तशीच तळव्यावर राहिली. इतकी वर्षं काकूंच्या कामाचं श्रेय नकाशेवाल्यांच्या नावावर पडत आलं होतं, न मागता. आज त्यांनी पहिल्यांदा तिची चूक स्वतःच्या नावावर मागून घेतली. हिशोब यानेही बरोबरीत येणार नव्हता. पण निदान एक रक्कम तरी उलट्या बाजूला पडली.

फ्यूज कामाला लागला. रागावला की तो फक्त आवाज करायचा. वाईट वाटलं की काम करायचा. उजव्या दिव्याखाली पत्रा गंजलेला होता, अर्थिंग धड लागत नव्हतं. त्याने पत्रा घासून लख्ख केला, तिथे वेगळी जाड काळी वायर ओढली आणि थेट बॅटरीला नेली. "आता उजेड दुप्पट पडेल, काका. आणि या निळ्या-हिरव्या मी काढून टाकतो सगळ्या. नवीन ओढतो, आणि त्यांवर चिठ्ठ्या लावतो, म्हणजे पुढे कुणाला..."

"काढू नकोस."

"काय?"

"वायरी राहू देत. फक्त जागा बदल. त्या चांगल्या आहेत."

"चांगल्या आहेत हो, पण..."

"फक्त जागा बदल," नकाशेवाले म्हणाले, आणि फ्यूजने पहिल्यांदाच वाद घातला नाही. त्याने निळी उपसली आणि अप्परला खोचली, हिरवी उपसली आणि डिप्परला. दोन बोटांचं काम. रिंग बसवली, स्क्रू आवळले. मुलीने दिवे लावले. भिंतीवर दोन्ही उजेड शेजारी शेजारी पडले, खडूच्या फुल्यांच्या बरोबर खाली. बटण दाबलं, दोन्ही एकदम वर गेले. कबूतर वैतागून उडून गेलं.

"बघा," फ्यूज म्हणाला. "आता सरळ बघायला लागली म्हातारी."

परतताना मुलगी चालवत होती. नकाशेवाले काकूंच्या सीटवर बसले. गुडघे पुढच्या पत्र्याला टेकत होते, पिशवी मांडीवर होती, कारण मागच्या सीटवर फ्यूजने जुने बल्ब ठेवले होते.

"सीट मागे घ्या ना, बाबा. अडकून बसलाय."

"राहू दे. जवळच तर जायचंय."

वाट तळ्याच्या फाट्यावरून गेली. मुलीला तो फाटा माहीत नव्हता. ती सरळ गेली. नकाशेवाल्यांनी मान वळवून तो मागे पडताना पाहिला. रस्ता त्यांनी कधी इतका स्पष्ट पाहिला नव्हता. डावी कड, उजवी कड, मधला पट्टा, सगळं एकसारखं उजळलेलं. समोरून एक गाडी आली, मुलीने डिप्पर दिला, आणि ती गाडी काही न बोलता निघून गेली.

औषधवाल्याच्या कोपऱ्याआधी सिग्नल होता. मुलीने गाडी थांबवली.

"बाबा."

"हं."

"आईला माहीत होतं?"

"काय?"

"तुमच्या डोळ्यांचं."

नकाशेवाल्यांचा अंगठा पिशवीच्या निळ्या पानावरून एकदा फिरला. टाके बारीक होते, एकसारखे, हाताला कळतील असे.

"तिला सगळं दिसायचं," ते म्हणाले.

मुलीने मान हलवली. थोड्या वेळाने, समोर बघतच, मऊ आवाजात तिने सांगितलं, "हिरवा लागला, बाबा." मग गिअर टाकला आणि गाडी निघाली.